मोतोकोवर जीव लावलेली माणसं

(पडद्यावर: मानेवर रुळणारे काळे केस, बाजूला वळलेला चेहरा. खाली तारीख उमटते, १४ एप्रिल २०१६.)

हा फोटो पॅरामाऊंट स्टुडिओने प्रसिद्ध केला तेव्हा न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला 'घोस्ट इन द शेल' या हॉलिवूडपटाचं चित्रीकरण चालू होतं. फोटोतली अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन. भूमिका मेजरची, म्हणजे मोतोको कुसानागीची. जपानी अ‍ॅनिमेच्या चाहत्यांना ज्या नायिका जिवाभावाच्या वाटतात, त्यांत मोतोकोचा नंबर फार वरचा. फोटोसोबत मात्र तिचं नाव नव्हतं. नुसतं 'मेजर'. चाहत्यांनी ते पहिल्या नजरेतच हेरलं, आणि काही तासांत जगभर वादाला तोंड फुटलं.

वरवर पाहिलं तर हा नटीच्या निवडीवरून झालेला वाद. पण तो नीट समजून घ्यायचा तर आधी मूळ जपानी चित्रपटाकडे जावं लागतं.

(संगीत: ढोलाचा संथ ठोका, त्यावर बायकांचा एकत्र आवाज.)

मासामुने शिरो यांची चित्रमालिका १९८९ पासून कोदान्शा या जपानी प्रकाशनसंस्थेच्या 'यंग मॅगझिन'मध्ये येऊ लागली. तिच्यावर मामोरू ओशी यांनी १९९५ मध्ये ८२ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट केला. काळ २०२९ चा. माणसं मेंदूला तारा जोडून थेट नेटवर्कमध्ये शिरतात. मेजर सरकारच्या एका गुप्त पथकाची प्रमुख आहे. तिचं शरीर कारखान्यात घडवलेलं. स्वतःचं म्हणावं असं उरलंय ते कवटीतला मेंदूचा अंश आणि आत कुठेतरी असलेली 'मी'पणाची जाणीव. तीही खरी आहे की कुणी भरून ठेवलेली, याची तिला खात्री नाही.

चित्रपटाच्या मध्यावर एक प्रसंग येतो. गोष्ट थांबते. तीन मिनिटांहून जास्त वेळ कुणी काही बोलत नाही. हाँगकाँगवरून बेतलेलं शहर, गढूळ कालवा, दाटीवाटीने लोंबणाऱ्या पाट्या, डोक्यावरून जाणारं अजस्र विमान. मेजर बोटीतून चाललीय. ती वर बघते, तर एका खिडकीत हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक बाई बसलेली. त्याच कंपनीचं, त्याच साच्यातलं शरीर असावं. दोघींची नजरानजर होते. बोट पुढे जाते. मग पाऊस, पिवळ्या छत्र्या घेतलेली मुलं, दुकानाच्या काचेमागे उभे पुतळे. चित्रपट काहीही समजावून सांगत नाही. मागे केन्जी कावाई यांचं संगीत, आणि त्यात जपानी लोकगायिकांनी म्हटलेलं जुन्या जपानीतलं विवाहगीत. लग्नाचं गाणं इथे का, हे शेवटी कळतं. 'पपेट मास्टर' नावाची, नेटवर्कमध्येच जन्मलेली एक जाणीव मेजरला आपल्यात मिसळून जायचं आमंत्रण देते आणि मेजर ते स्वीकारते. ती मरत नाही, पण पूर्वीची राहतही नाही. 'मी कोण?' हा प्रश्न सुटत नाही, तो मोठा होत जातो.

अमेरिकेत हा चित्रपट गाजला तो व्हिडिओ कॅसेटवर. १९९६ मध्ये तो बिलबोर्डच्या व्हिडिओ विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. दिग्दर्शक भावंडं वाचोव्स्की यांनी निर्माते जोएल सिल्व्हर यांना हाच चित्रपट दाखवून म्हटलं, आम्हाला असं काहीतरी खऱ्या माणसांना घेऊन करायचंय. त्यातून 'द मेट्रिक्स' आला. कॅसेट घासून जाईपर्यंत पाहणारी एक अख्खी पिढी तयार झाली. २००८ मध्ये ड्रीमवर्क्स या हॉलिवूडच्या स्टुडिओने हक्क घेतले तेव्हापासून ही पिढी वाट बघत होती, जीव मुठीत धरून. कारण मधल्या काळात, २००९ मध्ये, 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' हा जपानी चित्रमालिकेवरचा फसलेला हॉलिवूडपट येऊन गेला होता. त्याच्या पटकथालेखकाने पुढे चाहत्यांची उघड माफी मागितली, यावरून काय ते समजा.

(पडद्यावर: सह्यांच्या मोहिमेचा आकडा वाढत जातो.)

जानेवारी २०१५ मध्ये जोहान्सनचं नाव पक्कं झालं. ही भूमिका आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला द्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पुढे एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. २०१६ च्या त्या फोटोनंतर मिंग-ना वेन आणि कॉन्स्टन्स वू या आशियाई वंशाच्या अभिनेत्री उघडपणे बोलल्या. त्याच आठवड्यात बातमी आली की पात्रांचा चेहरा संगणकावर 'आशियाई' करून बघण्याची चाचणी झाली होती. स्टुडिओने खुलासा केला: चाचणी झाली, पण ती पार्श्वभूमीतल्या एका छोट्या पात्रासाठी, मेजरसाठी नव्हे. या खुलाशाने आगीत तेल पडलं. आशियाई चेहरा हवा असेल तर आशियाई माणूस घ्यायचं सोडून संगणक कशाला, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

हा राग एका चित्रपटापुरता नव्हता. याच वर्षी 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये तिबेटी गुरूच्या भूमिकेत गोऱ्या ब्रिटिश अभिनेत्री टिल्डा स्विंटन होत्या. त्याच्या आदल्या वर्षी 'अलोहा'मध्ये गोऱ्या एमा स्टोनने वडिलांकडून अर्धी चिनी-हवाईयन असलेली मुलगी केली होती. मे २०१६ मध्ये नेटवर गाजलेल्या चित्रपटांची पोस्टरं फिरू लागली. प्रत्येकावर नायकाच्या जागी कोरियन वंशाचे अमेरिकी अभिनेते जॉन चो यांचा चेहरा चिकटवलेला, बाकी पोस्टर जसंच्या तसं. पाहणारा क्षणभर थबकायचा आणि त्याच्या ध्यानात यायचं की असा चेहरा या जागी आपण कधी पाहिलाच नाही. मला या साऱ्या वादातला सगळ्यात बोलका निषेध हाच वाटतो.

आता जपानकडे वळू.

तिथे वातावरण अगदी वेगळं होतं. टोकियोच्या रस्त्यावर थांबवून विचारलेल्या तरुणांचे व्हिडिओ तेव्हा खूप पाहिले गेले. त्यांतले बरेच जण म्हणत होते, हॉलिवूडचा चित्रपट आहे, हॉलिवूडची नटी असणारच. कोदान्शाच्या परदेशी व्यवहाराचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यानेही जोहान्सनच्या निवडीला पसंती दिली. मुळात इथे जपानी अभिनेत्री असेल अशी अपेक्षाच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. आणि खुद्द ओशी? मेजरचं शरीर हेच घेतलेलं, नावही घेतलेलं, मग ती आशियाईच असली पाहिजे याला आधार काय, असा त्यांचा सवाल होता.

या वक्तव्यांचा पुढे फार गैरवापर झाला. 'जपान्यांना चालतंय, मग तुमचं काय दुखतंय?' असं अमेरिकेतल्या आशियाई चाहत्यांच्या तोंडावर फेकलं गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं. टोकियोतला प्रेक्षक रोज पडद्यावर आपल्यासारखीच माणसं बघतो. त्याच्या देशात युरोपात घडल्यासारखी गोष्ट जपानी नट घेऊन सर्रास केली जाते; २०१७ चाच 'फुलमेटल अल्केमिस्ट' घ्या, त्यात झाडून सगळे कलाकार जपानी आहेत. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलीला मात्र वर्षानुवर्षांत एखादीच अशी भूमिका दिसते, आणि तीही हातची जाते. दोघांची आयुष्यं निराळी, म्हणून दोघांचं म्हणणं निराळं. एकाचं खरं आहे म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.

जपानच्या प्रतिक्रियेबद्दल आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तिथे चित्रपटाची जपानी आवृत्तीही लागली, आणि तिच्यात जोहान्सनला आवाज होता आत्सुको तानाका यांचा. १९९५ मध्ये मोतोकोला आवाज देणाऱ्या त्याच तानाका. मेजरच्या पथकातल्या बातोचा आवाज अकिओ ओत्सुकांचा, तोगुसाचा कोइची यामादेरांचा, तेही मूळचेच. टोकियोच्या थिएटरात डोळे मिटून बसलं तर बोलत होती ती मोतोकोच. अमेरिकेतल्या चाहत्याच्या वाट्याला हे सुख आलं नाही.

(पडद्यावर: निळसर रंगातला राम, धनुष्य ताणताना.)

परदेशी लोकांनी आपली गोष्ट सांगावी का, हा प्रश्न आपल्याही दारात येऊन गेलाय. युगो साको या जपानी निर्मात्याला रामायणावर अ‍ॅनिमेशनपट करायचा होता, तेव्हा परदेशी माणसाने हे करू नये असा आक्षेप आपल्याकडून घेतला गेला. साको यांनी नाद सोडला नाही. मुंबईचे अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांना दिग्दर्शनात सोबत घेतलं, आणि १९९३ मध्ये भारत-जपान असा जोडीचा चित्रपट तयार झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरांत लागला, तेव्हा लहानपणी टीव्हीवर पाहिलेले लोक मुलाबाळांना घेऊन गेले. राम जपानी कुंचल्याने रंगवला म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

पॅरामाऊंटचा चित्रपट ३१ मार्च २०१७ ला अमेरिकेत लागला. त्याआधी स्टुडिओने जाहिरातीसाठी एक सोय केली होती: आपला फोटो टाका, 'मी अमुक आहे' अशी ओळ भरा आणि मित्रांना पाठवा. चाहत्यांनी ती जाहिरात स्टुडिओवरच उलटवली. 'मी आशियाई पात्र करणारी गोरी बाई आहे' अशा ओळी भरलेली चित्रं धडाधड फिरली.

आणि मग लोकांनी चित्रपट पाहिला.

दिग्दर्शक रूपर्ट सँडर्स यांनी मूळ दृश्यं मेहनतीने उभी केली, यात वाद नाही. इमारतीवरून पाठमोरी झेप, गुडघाभर पाण्यातली मारामारी, कोळ्यासारखा रणगाडा, सगळं आहे. वेटा वर्कशॉपने बनवलेली गेशा यंत्रं थरारक आहेत. जपानी अभिनेते ताकेशी किटानो सगळ्यांशी जपानीतच बोलतात आणि समोरचे इंग्रजीत उत्तर देतात, हे तर मला फारच आवडलं. चाहत्यांनी दोन्ही चित्रपटांतले प्रसंग शेजारी शेजारी लावून बघितले. चौकट जुळत होती, रंग जुळत होते. तरी बाहेर पडताना हात रिकामेच.

असं का झालं, ते शेवटाकडे कळतं. या चित्रपटातल्या मेजरला सांगितलेलं असतं की तिचं नाव मीरा, आईवडील दहशतवादी हल्ल्यात गेले. हे सगळं खोटं निघतं. ती मुळात घरातून पळालेली जपानी मुलगी असते, मोतोको कुसानागी. कंपनीने तिला पळवून तिचा मेंदू या गोऱ्या शरीरात घातलेला असतो. ती स्वतःच्या आईच्या घरी जाते. आईचं काम काओरी मोमोई यांनी अतिशय हळवेपणाने केलंय. पण जरा विचार करा. नायिका गोरी का, यावरून दोन वर्षं लोक भांडत होते, आणि चित्रपट म्हणतो, ती आतून जपानीच आहे हो! जपानी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्रींना हा प्रसंग जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

मूळ चित्रपटावर जीव असलेल्यांचं दुःख याहून खोल होतं. १९९५ ची मेजर पुढे जाते, 'मी' म्हणजे काय याची कुंपणं ओलांडून. २०१७ ची मेजर मागे येते. तिला नाव मिळतं, आई मिळते, कबरीवरच्या दगडावर पत्ता लागतो. प्रश्नच काढून टाकला आणि त्या जागी हरवलेल्या लेकीची गोष्ट ठेवली. पपेट मास्टर नाही, ते मीलन नाही. आणि कावाईंचं ते विवाहगीत? ते वाजतं श्रेयनामावलीवर. लग्नच झालं नाही, तर गाणं कुठे ठेवणार?

हिशेब सांगायचा तर खर्च सुमारे ११ कोटी डॉलर, जगभरातली कमाई १७ कोटींच्या आसपास. थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा केला तर हा धंदा आतबट्ट्याचाच. नटीच्या निवडीवरून झालेल्या चर्चेचा समीक्षणांवर परिणाम झाला, असं स्टुडिओच्या वितरण प्रमुखांनी म्हटलं. परिणाम झाला असेलही. पण मूळ चित्रपट कधीच न पाहिलेल्यांनाही हा चित्रपट धरून ठेवू शकला नाही, त्याचा दोष सह्या करणाऱ्यांच्या माथी कसा मारायचा?

(पडद्यावर: निळा समुद्र, मेंढ्याच्या तोंडाचं गलबत.)

चाहते हट्टी असतात, त्यांना काहीच पटत नाही, असं तेव्हा बरंच लिहिलं गेलं. मग ३१ ऑगस्ट २०२३ ला नेटफ्लिक्सवर 'वन पीस' आलं, जपानी चित्रमालिकेवरचीच खऱ्या माणसांची मालिका. नायक लुफीच्या भूमिकेत मेक्सिकोचा इन्याकी गोडॉय. जपानपासून ब्राझीलपर्यंत चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. फरक काय होता? मूळ कथाकार एइइचिरो ओदा स्वतः निर्मात्यांमध्ये होते. आपलं समाधान झाल्याशिवाय मालिका प्रदर्शित होणार नाही, असं नेटफ्लिक्सने कबूल केल्याचं त्यांनी चाहत्यांना पत्रातून कळवलं. चित्रीकरण संपल्यावरही जे प्रसंग त्यांना उतरले नाहीत असं वाटलं, ते पुन्हा चित्रित झाले.

मामोरू ओशीही वेलिंग्टनच्या सेटवर गेले होते. पाहुणे म्हणून.