श्रावण पाळा, पण बैठक मोडू नका

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढ सरत आलाय. दिव्यांची अमावस्या तोंडावर आली. त्या दिवशी घरातल्या समया, निरांजनं, जुने कंदील घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे आणि त्यांची पूजा करायची, ही आपली रीत. त्याच अमावस्येला दुसरी एक रीतही जोरात चालते, तिला सगळे गटारी म्हणतात. उद्यापासून महिनाभर मटण-मासे बंद, दारू बंद, म्हणून आज सगळं उरकून घ्यायचं. मला आज बोलायचंय ते त्या ‘उद्यापासून’ सुरू होणाऱ्या श्रावण महिन्याबद्दल.

इंग्लंडमध्ये अल्कोहोल कन्सर्न नावाच्या संस्थेनं २०१३ साली ‘ड्राय जानेवारी’ नावाची मोहीम सुरू केली. नाताळ आणि नववर्षाच्या पार्ट्या झाल्या की महिनाभर दारू सोडायची. लोक त्यासाठी नाव नोंदवतात, मोबाइलवर दिवस मोजतात. आपल्याकडे हे काम कॅलेंडर करतं. कोणी नाव नोंदवत नाही, कोणी भाषण देत नाही, आणि तरी वर्षभर नेमानं पिणारी कितीतरी माणसं श्रावणात बाटलीला हात लावत नाहीत. काही घरांत तर हा नेम गणपती होईपर्यंत चालतो. वसईकडचे आणि गोव्यातले कितीतरी ख्रिस्ती बांधव ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात असंच करतात.

यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे की श्रावणात माणसाला कारण द्यावं लागत नाही. एरवी कोणी ‘आज नको’ म्हटलं की चौकशी सुरू होते. तब्येत बरी आहे ना? डॉक्टरांनी सांगितलंय का? वहिनींनी काही म्हटलं का? श्रावणात नुसतं ‘श्रावण आहे’ म्हटलं की ओतणारा बाटली पुढच्या ग्लासाकडे नेतो. विषय संपला. ज्याला देवाधर्माचं फारसं नाही, त्यानंही हे कारण खुशाल वापरावं. सण सगळ्यांचा आहे, त्याची सवलतही सगळ्यांची.

पण श्रोतेहो, अनेक जण दारूसोबत मित्रही बंद करतात, आणि तिथंच घोळ होतो. शुक्रवारी फोन वाजला तर उचलत नाहीत. ‘श्रावण संपला की भेटू’ असा मेसेज टाकतात. मग आठ वाजल्यापासून टीव्हीसमोर बसायचं, चिडचिड करायची. घरचेसुद्धा कधी एकदा श्रावण संपतोय याची वाट बघायला लागतात. अशा माणसाला महिनाभर शिक्षा भोगल्यासारखं वाटतं, आणि शिक्षा संपल्यावर तो पहिल्याच बैठकीत सगळी कसर भरून काढतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं आहे की दारू थांबवा, पण बसणं थांबवू नका.

कारण त्या टेबलावर नुसती दारू नसते. एखाद्याची नोकरी जायच्या बेतात असते, एखाद्याच्या आईचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कोणाच्या मुलाला बारावीत कमी मार्क पडलेले असतात. आपल्याकडचे पुरुष तर अशा गोष्टी दुसरीकडे कुठं फारशा बोलतच नाहीत. महिनाभर बैठक मोडली की हे सगळं पोटात राहतं. आणि हळूहळू अशी समजूत पक्की होते की दोन पेग गेल्याशिवाय मनातलं बाहेर येत नाही. ही समजूत खोटी आहे. शुद्धीत बोलून बघा. पहिली पाच-दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं हे खरं. पण मग बोलणं सुरू होतं, आणि महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. मित्र सकाळी फोन करून विचारतो, ‘काय रे, आईची तारीख ठरली का?’ रात्री साडेअकराला गळ्यात पडून दिलेल्या शंभर वचनांपेक्षा मला हा एक फोन मोठा वाटतो.

आता प्रत्यक्ष परमिट रूममध्ये कसं निभवायचं ते सांगतो. अवघड असतो तो पहिला अर्धा तास. सगळ्यांचे ग्लास येतात, टेबलावर खारे शेंगदाणे, मसाला पापड, काकडी-टोमॅटो येतं, आणि आपल्यासमोर नुसतं पाण्याचं स्टीलचं भांडं. हात कुठं ठेवावा कळत नाही. म्हणून वेटर आला की सगळ्यांच्या आधी आपण ऑर्डर द्यायची. लिंबू सोडा, खारा, बर्फ घालून. मालवणी जेवणाची जागा असेल तर सोलकढी, नाहीतर मसाला ताक. ग्लास भरलेला असला की कोणी लक्षही देत नाही. ग्लास रिकामा झाला की लगेच दुसरा मागवायचा. जेवणही लवकर मागवायचं, कारण उपाशी पोटी मोह जास्त होतो. आणि चखण्यावर जरा हात आखडता घ्यायचा, नाहीतर दारूची जागा शेंगदाणे घेतात.

बिलाचं आधीच बोलून घ्यावं. चार जण व्हिस्की पितात, एक जण सोडा पितो, आणि शेवटी बिलाचे पाच समान भाग होतात. एकदा होतं, दोनदा होतं, मग तो पाचवा यायचाच बंद होतो. त्याला पैसे मागायला संकोच वाटतो आणि बाकीच्यांच्या ते ध्यानात येत नाही. दारूचं वेगळं, जेवणाचं वेगळं, किंवा सरळ टीटीएमएम, तुझं तू माझं मी. मित्रांमध्ये यात लाजण्यासारखं काही नाही. आणि गाडी चालवायचं काम सोडा पिणाऱ्यानं घ्यावं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाचं सोडा. चार मित्र सुखरूप घरी पोचतात, हे काम मोठं आहे.

जे पितात त्यांनाही मला एक विनंती करायची आहे. ‘अरे, एकच घे’ हे वाक्य महिनाभर तोंडातून काढू नका. ‘माझी शपथ आहे’ तर मुळीच नको. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम, जेवणाच्या पंगतीतली जिलेबी असो नाहीतर ग्लास. जिलेबीचा आग्रह जरूर करा. पण ज्यानं मनाशी काही ठरवलंय त्याचा ग्लास भरणं हे प्रेम नव्हे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला आपण कधी असा आग्रह करतो का? तो लग्नात येतो, हळदीत नाचतो, मयतीला खांदा देतो, गावच्या प्रत्येक गोष्टीत असतो, आणि आयुष्यभर दारूला शिवत नाही. गाव त्याचा मान ठेवतं. तेवढाच मान महिनाभरासाठी आपल्या मित्रालाही द्या. आणि शहरात आज ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये मुलीही पितात, त्यांच्यापैकी कोणी नको म्हटलं तर तिच्याकडे रोखून बघत कारणं शोधत बसू नका.

दर वेळी बारमध्येच भेटलं पाहिजे असंही काही नाही. हे दिवस तर भेटीगाठींचेच आहेत. पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू आहेत. संध्याकाळी कामावरून सुटलेली पोरं-पोरी कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास वाजवतात आणि मग घामाघूम होऊन टपरीवर चहाला उभी राहतात. मुंबई-ठाण्यात गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचे सराव चालतात. खालच्या थरात खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस शुद्धीतच असावा लागतो, वरच्या पोराचा जीव त्याच्या पायांवर असतो. गल्लीतल्या मंडळाचा मांडव, वर्गणी, देखावा, सगळीकडे माणसं हवी आहेत. आणि शनिवारी रात्री जागरण झालं नाही की रविवारची सकाळ हाती लागते. तीच टोळी सकाळी आठला मिसळीच्या दुकानात भेटवा. तर्री, कांदा, लिंबू, मागवलेला जादा रस्सा, आणि समोर डोळे चोळत नसलेले मित्र. किंवा पावसात एखादा गड. पायथ्याशी बाटल्या फोडणाऱ्यांच्या नादी न लागता वर जा आणि उतरून पिठलं-भाकरी खा.

शरीराला काय मिळतं? लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी बऱ्यापैकी पिणाऱ्या, पण व्यसनी नसलेल्या ९४ जणांचा अभ्यास केला. त्यांनी महिनाभर दारू सोडली होती. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. महिन्याअखेरीस त्यांचा रक्तदाब उतरलेला होता, वजन थोडं घटलेलं होतं, आणि इन्सुलिनला दाद न देण्याचं शरीराचं प्रमाण सुमारे पाव हिश्शानं कमी झालेलं होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या घराघरांतल्या माणसांसाठी ही मोठी गोष्ट आहे. झोप सुधारते. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते, आणि माणूस अंथरुणात पडून राहूनही सकाळी थकलेला उठतो. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२३च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

आता जरा थांबून नीट ऐका. हा महिना सगळ्यांनी एकट्यानं सुरू करायचा नाही. ज्याला रोज भरपूर लागते, सकाळी उठल्यावर हात थरथरतात, एक घोट घेतल्याशिवाय थरथर थांबत नाही, त्यानं गटारीला शेवटची पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, माणूस नसलेल्या गोष्टी बघतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं, सोडली ना, आता दोन दिवस त्रास होणारच. तसं समजून घरी बसू नका. आधी डॉक्टरांना भेटा, त्यांच्या देखरेखीखाली औषधं घेऊन दारू सुरक्षितपणे सोडवता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या सभा, राज्यात ठिकठिकाणी भरतात, तिथं पैसे पडत नाहीत आणि नावगावही कोणी विचारत नाही. महिनाभर सोडू म्हटलं आणि आठवडाही निघाला नाही, असं ज्याचं होतं त्यानं स्वतःला दोष देत बसू नये. कोणाची तरी मदत घ्यायची वेळ आलीय, एवढं त्यातून ओळखावं.

गटारीबद्दलही माझं मत सांगतो. महिनाभर मिळणार नाही म्हणून एका रात्रीत महिन्याची पिणं, हे मला मुळीच पटत नाही. त्या रात्री अपघात होतात, भांडणं होतात, आणि ज्या घरात सकाळी दिवे पुजले त्याच घरातली बायको रात्री दाराकडे डोळे लावून बसते. त्या दिवशी जेवणाचा बेत करा, सगळ्यांना घरी बोलवा, मुलाबाळांसकट.

आणि श्रावणानंतरचं काय? ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्राय जानेवारी पाळणाऱ्यांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांतले बरेच जण आधीपेक्षा कमी पीत होते. ज्यांचा महिना मधेच मोडला त्यांच्यातही थोडा फरक दिसला. तेव्हा नागपंचमीला पाय घसरला तर पोळ्यापर्यंत पुन्हा सावरा, सगळाच महिना सोडून देऊ नका. गणपती गेले की दारूची पहिली बैठक बसेल. त्या बैठकीत पहिला ग्लास सोड्याचाच मागवून बघा आणि दुसऱ्याच्या वेळी ठरवा. ज्याच्या घरी बैठक असेल त्यानं आमसुलं रात्रीच पाण्यात भिजत घालावीत, सकाळी कुस्करून गाळावीत, साखर, जिरेपूड आणि सैंधव घालून बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, आणि संध्याकाळी सोड्यात घालून सगळ्यांपुढे करावी, पिणाऱ्यांपुढेसुद्धा.

नमस्कार.