कमी बजेटमध्ये नाइन्टीन-इलेव्हन: पैसे पिस्तुलात घाला, सजावटीत नको

नमस्कार मंडळी. आजचा विषय जुन्या वळणाच्या पिस्तुलांचा. पोलादी फ्रेम, मागे दिसणारा घोडा, मुठीला लाकडी पट्ट्या आणि खिशात बेताचे पैसे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. बजेट बेताचं असेल तर पूर्ण आकाराचं, सगळ्यात साधं, लष्करी नमुन्याचं पिस्तूल घ्या. उरलेले पैसे मॅगझिन आणि काडतुसांसाठी ठेवा. असं का, ते आता सविस्तर सांगतो.

जुन्या वळणाचं पिस्तूल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते नाइन्टीन-इलेव्हन. जॉन मोझेस ब्राउनिंगचा आराखडा, अमेरिकी सैन्याने स्वीकारला तो २९ मार्च १९११ रोजी. त्याआधीच्या चाचणीत या पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या आणि एकदाही ते अडलं नाही. अमेरिकी सैन्याचं हे मुख्य पिस्तूल १९८५ पर्यंत टिकलं, मग ९ मिमीचं बेरेटा आलं.

आता हे पिस्तूल स्वस्तात मिळतंच कसं? पेटंट केव्हाच संपली, त्यामुळे कोणालाही ते बनवता येतं. फिलिपिन्समध्ये मारिकिनाला आर्मस्कॉर बनवते, ती रॉक आयलंड या नावाने विकते. तुर्कस्तानात ट्रॅबझॉनची टिसास आहे, गिरेसुनची गिरसान आहे. पण एक मेख आहे. हा आराखडा ज्या काळातला, त्या काळात कारखान्यात हाताने जुळवण्याचं काम बरंच असे. आजच्या प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलाचे भाग यंत्रातून निघतात आणि थेट जोडले जातात. नाइन्टीन-इलेव्हनला आजही थोडा हात लागतोच. स्वस्त बनावटीत नेमकी त्या हाताच्या कामात काटकसर होते. म्हणून बघायचं असतं जुळणीकडे. चकाकीकडे नाही.

लोक मात्र भलत्याच गोष्टींना घाबरतात. ‘फ्रेम ओतीव आहे, घडीव नाही!’ अहो, रुगरसारखी कंपनीही ओतीव फ्रेम वापरते. पोलाद नीट ओतलं, नीट तापवून घेतलं, तर नेमबाजीच्या मैदानावर तुम्ही ती फ्रेम झिजवून दाखवा. दुसरी भीती एमआयएम भागांची, म्हणजे धातूची पूड साच्यात दाबाने भरून, भट्टीत भाजून केलेल्या भागांची. इथे मी सरसकट नाही म्हणत नाही. घोडा, सेफ्टीचा खटका असे भाग तसे असले तरी चालतं. एक भाग मात्र चालत नाही, तो म्हणजे एक्स्ट्रॅक्टर.

याच्यावर थोडा वेळ घालवू या. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून, ओढून काढणारा आकडा. नाइन्टीन-इलेव्हनच्या मूळ रचनेत तो स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, आत बसतो आणि त्याला वेगळी स्प्रिंग नसते. तो स्वतःच स्प्रिंग आहे. लांब पोलादी पट्टी, किंचित वाकवलेली, तिच्या ताणावरच सगळं चालतं. ताण जास्त झाला तर नवं काडतूस त्याच्याखाली सरकत नाही, कमी झाला तर पुंगळी मध्येच सुटते आणि स्लाइडमध्ये उभी अडकते. म्हणून हा भाग स्प्रिंगच्या पोलादाचाच हवा. स्वस्त पिस्तूल घेतलं आणि त्यात फक्त एकच भाग बदलायचा झाला, तर मी हा बदलेन. ताण जुळवून देणारा गनस्मिथ, म्हणजे पिस्तुलं दुरुस्त करणारा कारागीर, भेटला की निम्मं काम झालं.

आता आकार. दुकानात छोटी नाइन्टीन-इलेव्हन फार मोहात पाडतात. ३ इंची नळी, हाताच्या पंजात मावणारी. बजेटमध्ये यांच्या वाटेला जाऊ नका. मूळ नळी ५ इंची आहे आणि सगळं यंत्र त्या मापावर बेतलेलं आहे. नळी आखूड केली की स्लाइड हलकी होते, तिचा मागेपुढे जाण्याचा प्रवास कमी होतो, म्हणून स्प्रिंग ताठ लागते. मॅगझिनमधून पुढचं काडतूस वर यायला मिळणारा वेळही घटतो. महागड्या कंपन्या हे गणित जुळवतात, पण त्याचे पैसे घेतात. स्वस्तातलं छोटं पिस्तूल म्हणजे दोन्हीकडून मार. ४.२५ इंची कमांडर आकार ठीक आहे, त्याहून खाली नको.

कॅलिबरवरून भांडणं होतात. मूळ काडतूस .४५ एसीपी, २३० ग्रेनची जड, संथ गोळी. ज्याला इतिहास हातात धरायचा आहे त्याने तेच घ्यावं, त्याचं मी मन वळवणार नाही. पण ९ मिमीची काडतुसं जवळपास सगळीकडे .४५ पेक्षा स्वस्त मिळतात आणि धक्काही कमी. नियमित सराव करणाऱ्याचा काडतुसांचा खर्च बघता बघता पिस्तुलाच्या किमतीला मागे टाकतो, त्यामुळे बजेटचं खरं गणित पावतीवर नाही, पुढच्या दोन वर्षांत आहे. मात्र खरेदीआधी कायदा बघा. कोणतं कॅलिबर नागरिकाला चालतं हे देशागणिक बदलतं. इटलीत कित्येक वर्षं सामान्य माणसाला ९ बाय १९ चं, म्हणजे नेहमीच्या ९ मिमीचं, पिस्तूल घेता येत नव्हतं, म्हणून तिथे ९ बाय २१ हे वेगळंच काडतूस रुजलं. परवाना हातात येईपर्यंत बयाणासुद्धा देऊ नका.

सीरिज ७० की ८०? या कोल्ट कंपनीच्या नाइन्टीन-इलेव्हनच्या दोन रचना, थोडक्यात सांगतो. ८० मध्ये फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, अडवून धरणारा जादा भाग असतो. चाप पूर्ण दाबल्याशिवाय पिन पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे पिस्तूल हातातून पडलं तरी धोका कमी. ७० च्या रचनेत तो भाग नाही, चाप सुधारणं सोपं. सुरुवातीच्या बजेटात हा प्रश्न गौण आहे.

जुनं, वापरलेलं पिस्तूल घेणार असाल तर आता नीट ऐका. मालकाची परवानगी घ्या, मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. नळी सुरक्षित दिशेला. काडतुसं त्या टेबलावरच नकोत.

घोडा ताणा आणि अंगठ्याने मागून पुढे ढकला. पडला तर पिस्तूल खाली ठेवा आणि नमस्कार करून बाहेर पडा. कोणीतरी घरी बसून चाप ‘हलका’ केलाय, सिअरची, म्हणजे ताणलेला घोडा अडवून धरणाऱ्या भागाची, धार गेलीय. मग घोडा ताणलेला असताना अंगठ्याची सेफ्टी लावा, चाप दाबा, सोडा. सेफ्टी काढा. घोडा जागेवरच हवा. आता घोडा जरासा आणखी मागे ओढून कान द्या. टिक असा बारीक आवाज आला तर सेफ्टी पुरती धरत नाहीये, सिअर किंचित हलला होता. पुढे मुठीमागची सेफ्टी न दाबता चाप ओढून बघा, काहीही घडता कामा नये. शेवटी स्लाइड थोडीशी, साधारण पाव इंच मागे धरून चाप ओढा. तेव्हाही घोडा पडला तर डिस्कनेक्टर, म्हणजे स्लाइड पूर्ण बंद नसताना चाप तोडून ठेवणारा भाग, बाद. यातली एकही चाचणी चुकली तर किंमत कमी करून मागू नका, सोडून द्या.

नंतर नळी. उजेड धरून आतून बघा. मध्येच गडद कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी एक गोळी आत अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली. स्लाइड बंद असताना चेंबरच्या वरच्या उघड्या भागावर अंगठ्याने दाबा, नळी खाली दबायला नको. डाव्या बाजूला सेफ्टीच्या पुढची बारीक आडवी नळी, प्लंजर ट्यूब म्हणतात तिला, ती हलवून बघा. स्वस्त पिस्तुलांत ती कधी सैल रिवेट केलेली असते आणि सैल झाली की सेफ्टीच अडकते. यावर फारसं कुणी बोलत नाही.

आणि काय बघायचं नाही? स्लाइड खुळखुळते का, हे. लष्करी पिस्तुलंही खुळखुळायची. फ्रेमवर स्लाइड-स्टॉपखाली, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याखाली, कमानीसारखा ओरखडा असेल तर तो आधीच्या मालकाचा हात चुकल्याची खूण, पिस्तूल जोडताना सगळ्यांकडून होते ती. पिस्तुलाला काही होत नाही, किंमत पाडायला मात्र तो छान उपयोगी पडतो.

आता नाइन्टीन-इलेव्हनचाच हट्ट नसेल तर? ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये लिएजला वारला, त्याच्या मागे द्यूदोने सेव्हने पूर्ण केलेलं हाय-पॉवर १९३५ मध्ये आलं. १३ गोळ्यांचं मॅगझिन, हातात इतकं छान बसतं की विचारू नका. चाप मात्र बऱ्याच जुन्या नगांत खरखरतो, कारण मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी एक जादा कडी त्यात आहे. मूळ बेल्जियन नग संग्राहकांनी महाग केलेत. बजेटवाल्याने गिरसानसारख्यांच्या नव्या प्रती बघाव्यात.

आणि सीझेड ७५. चेकोस्लोव्हाकियात, उहेर्स्की ब्रोदला जन्मलेलं. यात स्लाइड फ्रेमच्या आतल्या खाचांत धावते, त्यामुळे ती बुटकी असते आणि मागे ओढायला बोटांना जागा कमी मिळते. पण पहिली गोळी घोडा न ताणताही झाडता येते, किंवा ताणून सेफ्टी लावूनही ठेवता येतं. इटलीची तानफोलियो, तुर्कस्तानची सारसिलमाझ, यांच्या प्रती भरपूर. मनापासून सांगतो, पहिलं पिस्तूल आणि बेताचे पैसे असतील तर डोक्याने घ्यायचं ते हेच. मनाने घ्यायचं ते नाइन्टीन-इलेव्हन.

तोकारेव्हचा मोह होईल, जुना लष्करी माल स्वस्त असतो. मूळ सोव्हिएत नगाला हाताने लावायची सेफ्टीच नाही. नवख्याने दूर राहावं.

आता उरलेल्या पैशांचं. पहिल्यांदा कान-डोळ्यांचं संरक्षण आणि कुलपाची पेटी, यात घासाघीस नाही. मग दोन-तीन चांगली मॅगझिनं. नाइन्टीन-इलेव्हन अडकतं तेव्हा दोष बहुतेकदा मॅगझिनच्या वरच्या ओठांचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा असतो. इटलीची मेक-गार वाजवी किमतीत चांगली मॅगझिनं बनवते. ५ इंची .४५ ला १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग लागते, एक जादा घेऊन ठेवा, २०००-३००० गोळ्यांनी बदला. आणि सुरुवातीला गोल नाकाच्याच गोळ्या वापरा. मूळ आराखडा त्यांच्यासाठीच होता, पोकळ टोकाच्या गोळ्या काही स्वस्त पिस्तुलं सुरुवातीला गिळत नाहीत.

शेवटचं काम, फुकटचं. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला मार्करने १, २, ३ असे आकडे घाला आणि अडकलं की आकडा वहीत लिहा. दरवेळी २ च आला तर मॅगझिन फेका. तिन्ही आले, तर पिस्तूल गनस्मिथकडे न्या आणि आधी एक्स्ट्रॅक्टरच बघायला सांगा.