रॉम्बि-कोसि की रॉम्ब-इकोसि?

हा टेबलावर कागदी ठोकळा दिसतोय ना, हा जुन्या लग्नपत्रिका कापून केलाय. 62 तुकडे, म्हणजे 20 त्रिकोण, 30 चौरस आणि 12 पंचकोन. दोन संध्याकाळी गेल्या, बोटांना फेव्हिकॉल अजून चिकटलाय, आणि कॅमेरा जवळ नेला तर त्या पंचकोनावर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" एवढं अर्धं वाचता येतंय बघा.

नाव, रॉम्बिकोसिडोडेकाहेड्रॉन. म्हणून बघा एकदा. सोलापूरच्या पूर्व भागातला आमचा तेलुगू दोस्त एका दमात म्हणाला आणि शेवटी सवयीने उकार लावला, "हेड्रॉनू", मी 'कोसि'पाशीच अडकलो तर वर मलाच म्हणतो, काय बे, जीभ पंक्चर झाली का.

इंग्रजीत याचे नऊ सिलॅबल होतात, रॉम्-बि-को-सि-डो-डे-का-ही-ड्रन, आणि मुख्य जोर आठव्यावर, 'ही'वर. तो एक धरला की बाकीचे मागून आपोआप येतात. आपण मराठी माणसं काय करतो, जुन्या कंडक्टरसारखं प्रत्येक अक्षराला सारखंच तिकीट फाडतो, म्हणून मध्येच दम लागतो.

पण खरी गंमत पुढंय. तोंड जिथं तोडतं तिथं अर्थाचा सांधा नाहीच. आपण 'रॉम्बि' म्हणून थांबतो, पण तो इकार पुढच्या शब्दाचा, रॉम्ब आणि मग इकोसि. हेलिकॉप्टरचं पण तेच, सगळे हेलि-कॉप्टर तोडतात, मूळ हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं आणि प्टर म्हणजे पंख.

तर ग्रीकमध्ये इकोसि म्हणजे 20, डोडेका म्हणजे 12. त्रिकोण आणि पंचकोन यांचा हिशोब लागला. रॉम्ब म्हणजे समभुज चौकोन, पण ग्रीकमध्ये आधी गरगर फिरवायच्या वस्तूला म्हणायचे. आता आपल्याकडं तर चौरस आहेत, मग हा समभुज आला कुठून? 30 समभुज चौकोनांचा एक वेगळा ठोकळा असतो, हे 30 चौरस बरोब्बर त्याच्याच पृष्ठांच्या पातळीत बसतात. खगोलशास्त्रज्ञ केपलरने 1619 च्या 'हार्मोनिसेस मुंडी' या पुस्तकात हे नाव दिलं ते त्यावरूनच.

आणि हेड्रा म्हणजे बैठक. हा ठेवला बघा खाली, बसला चौरसावर, ते त्याचं हेड्रा. आपल्या सदन, संसद, परिषद यातला 'सद्' याच कुळातला. डोडेका आणि द्वादश तर सख्खे भाऊच वाटतात, आणि द्वादश झिजून झिजून आपलं बारा.

आता गावाकडं या. लहानपणी ऐकलेलं, सोळा गावं मिळून सोलापूर. पण जुन्या शिलालेखांत, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या नावासोबत येतं ते सोन्नलगे, त्याचं पुढं सोनलपूर आणि मधला 'न' गळून सोलापूर, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपण गावाचं नाव पण चुकीच्याच सांध्यावर तोडत आलो. मला तर हे पटतंय, कारण खरंच सोळा असते तर सोळापूरच म्हटलं असतं की, ळ म्हणायला आपल्याला कधी जड गेलंय?