अडीच सूत आणि आठ मिलिमीटर

(धुळ्यातल्या एका रविवारच्या बैठकीत झालेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरी बांधलेल्या विमानाच्या अल्टरनेटरला बोल्ट कोणते लावावेत'. त्याखाली माझं नाव आणि त्याच्याही खाली, जरा ठळक अक्षरात, 'अल्पोपहाराची सोय आहे'. तेव्हा गर्दी कशामुळे झाली याबद्दल माझा काही गैरसमज नाही. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज करणारं यंत्र, एवढं आधीच सांगून ठेवतो.

विमानात मी आयुष्यात दोनदा बसलो, दोन्ही वेळा तिकीट काढून. बाकी जन्म गेला चोपड्याला, जीप, ट्रॅक्टर आणि केळीच्या ट्रकखाली उताणं पडून. मग मी इथं कसा? माझा भाचा अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजात दोन माणसांचं विमान बांधतो. बांधून झालं, उडायलाही लागलं, आणि अल्टरनेटरचा बोल्ट दोनदा तुटला. तेव्हा रात्री अडीचला फोन कुणाला? मामाला. आणि घरी बांधलेलं विमान म्हटल्यावर धुळ्यात तरी कुणी हसू नये. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर जे विमान बांधलं, त्याची चाचणी २०२० साली आपल्या गोंदूरच्या धावपट्टीवरच झाली.

ही ताटली फिरवतोय. आठ तुटके बोल्ट आहेत. हात लावा, पण परत द्या, जन्माची कमाई आहे ती. तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. एक भाग गुळगुळीत दिसेल, त्यावर बारीक कमानी, ओंडका कापल्यावर दिसतात तशा. उरलेला भाग खरखरीत, ढेप फोडल्यावर गुळाचा दिसतो तसा. गुळगुळीत भागात चीर रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. खरखरीत तेवढाच शेवटच्या झटक्यात गेला. त्यामुळे 'अचानक तुटला हो' असं कुणी म्हणालं की मी आधी बोल्ट मागतो.

त्या ताटलीत एक बोल्ट गंजका, जरा वाकडा आहे. त्याची गोष्ट सांगतो, मग विमानाकडे वळू.

मे महिना, लग्नाची तिथी, वऱ्हाड चोपड्याहून शिरपूरला निघालेलं. नवरदेवाची जीप माझी, चालवायलाही मीच. त्या जीपला एकच पट्टा. अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पंखा तिन्ही त्याच्यावर. अर्ध्या वाटेत अल्टरनेटरचा बोल्ट गेला, अल्टरनेटर लोंबकळला, पट्टा उतरला आणि रेडिएटर शिट्टी मारायला लागला. दुपारचे बारा. नवरदेव मुंडावळ्या बांधून बाभळीखाली उभा. त्याची आत्या मला जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही, आणि अहिराणीत ते जास्त लागतं.

शेजारच्या खळ्यात मळणीयंत्र होतं. त्याचा एक बोल्ट मालकानं काढून दिला, अडीच सूती. मोठा दिलदार माणूस. माझ्याकडे नट होता आठ मिलिमीटरचा. आता गंमत बघा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठमध्ये आणि त्याच्यात केसाएवढा फरक, बोटाला कळत नाही. पण आटे? आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचा एक आटा सव्वा मिलिमीटरचा, अडीच सूती जाड आट्याचा १.४१ मिलिमीटर. नट दोन-तीन फेरे मजेत जातो, वाटतं बसला, आणि मग अडतो. माझा पोऱ्या म्हणाला, "काही नई व्हस, भाऊ," आणि पान्याला पाइप लावून त्यानं तो रेटला. लग्न लागलं. बोल्ट अकराव्या दिवशी तुटला.

हे 'काही नई व्हस' आपल्या खान्देशाचं ब्रीदवाक्य आहे. टाकी गळते, काही नई व्हस. वायर उघडी आहे, काही नई व्हस. पुण्याकडे म्हणे नियमावली दाखवतात. दोन्हीकडे गाडी बंदच पडते, आपल्याकडे निदान चहा तरी मिळतो.

असो. पुढे मी शहाणा झालो, म्हणजे मला तसं वाटलं. ८.८ चा बोल्ट आणला, हा आकडा ताकदीचा, मोठा तेवढा बोल्ट कडक. तुटला. डोक्यावर १०.९ लिहिलेला आणला, तोही तुटला. प्रत्येक वेळी आणखी कडक बोल्ट. शेवटी सावद्याचे एक म्हातारे फिटर आले. त्यांनी बोल्टकडे बघितलंच नाही. अल्टरनेटरचा कान आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये नख घातलं. नख आत गेलं. तिथं मुळात एक बुश होता, फट भरणारी धातूची नळी. तो कधीतरी मीच हरवला होता. दीड मिलिमीटरची फट, आणि प्रत्येक वेळी नट आवळताना मी तो कान ओढून वाकवत होतो, बोल्टही वाकवत होतो. वाकलेल्या बोल्टवर इंजिनाचा थरथराट. दुसरं काय होणार? वांगं कच्चं भाजलं असेल तर वरून कितीही मिरची कुटून घाला, त्याचं भरीत होत नाही. फिटरबाबांनी दोन वायसर घातले आणि साधा ८.८ चा बोल्ट लावला. जीप भंगारात गेली तोवर तो जागचा हलला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. विमान राहिलंच की!

तर भाच्याचं विमान. लायकमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे पंख्याच्या मागेच मोटारीचा अल्टरनेटर लटकवलेला. २७०० फेऱ्यांवर चार सिलिंडर मिनिटाला ५४०० ठोके देतात, तासाला ३,२४,०००. म्हणजे चिरेला दम खायला सवडच नाही. त्यानं लावला होता दुकानातला बोल्ट, डोक्यापर्यंत आटे असलेला. ब्रॅकेट आट्यांवर टेकलेलं. प्रत्येक आट्याची खाच म्हणजे चिरेला आयतं दार. विमानाच्या बोल्टला म्हणूनच आट्याआधी साधी गोल दांडी असते, आणि ती कानाच्या जाडीएवढी लागते. उणंअधिक वायसरनं जुळवायचं.

विमानाचे एएन बोल्ट, म्हणजे आर्मी-नेव्ही, मोजतात कशात माहितीय? सुतात! त्यांना बिचाऱ्यांना माहीत नाही एवढंच. एएननंतरचा आकडा म्हणजे जाडी, अर्ध्या सुतात. एएन५ म्हणजे आपला अडीच सूती. डॅशनंतर लांबी, सुतात. एएन५-७ सात सूत लांब. सातनंतर आठ येत नाही, थेट दहा, म्हणजे एक इंच शून्य सूत. शेवटी 'ए' असेल तर दांडीला पिनेचं भोक नाही. मध्ये 'एच' असेल तर डोक्याला भोक आहे, बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात त्या तारेसाठी.

भाचा म्हणाला, मामा, मग इथला ग्रेड ८ चा बोल्ट का नको, तो तर जास्त ताकदीचा? खरं आहे. एएन प्रति चौरस इंच १,२५,००० पौंडांचा, ग्रेड ८ दीड लाखाचा. मी विचारलं, नख घातलंस का? घातलं नव्हतं. घातलं. गेलं.

आता भराभर. त्याच्या अल्टरनेटरच्या एका कानाला आरपार भोक, तिथं एएन चालतो. दुसऱ्या कानातच आटे कापलेले, आठ मिलिमीटरचे, तिथं मिलिमीटरचाच बोल्ट. अॅल्युमिनियमच्या आट्यात अडीच सूती रेटला तर कानच जाईल. नायलॉनवाला नट इंजिनापाशी नको, १२१ अंश सेल्सियसच्या पुढे नायलॉन धरत नाही, तिथं पूर्ण धातूचा लॉक नट. नटाबाहेर एक ते तीन आटे दिसले पाहिजेत. टॉर्क पाना वापरा, म्हणजे किती जोरानं आवळलं ते कळतं. एएन५च्या नटाला १०० ते १४० इंच-पौंड, आणि लॉक नट मोकळा फिरवतानाच जो जोर लागतो तो वर धरायचा. तार बांधाल तर ती आवळायच्या दिशेनं ओढेल अशी. उलटी बांधली तर ती बोल्ट सैल करायलाच मदत करते. पुल्या एका रेषेत आहेत का ते आधी बघा, पट्टा ताणून ताणून बोल्टच्या जिवावर उठू नका. अल्टरनेटर गेला म्हणून मॅग्नेटोवरचं इंजिन बंद पडत नाही, मॅग्नेटो ठिणगीची वीज स्वतःच करतो. पण इग्निशन इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरी संपेपर्यंतच काय तो वेळ.

घंटा वाजली. बरं.

ताटली आली का? आण बाळा. एक, दोन... सातच आहेत. गंजका वाकडा नाही यात. चहा झाल्यावर दिलात तरी चालेल, पण तो मळणीयंत्राचा आहे, मालकाला परत द्यायचा अजून राहिलाय.