‘प्रश्न उद्भवत नाही’

(नागपुरात झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, डिसेंबर आला की सरकार आपल्या गावात मुक्कामाला येतं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं की वर्षातलं एक अधिवेशन इथं भरेल. त्या दिवसांत सीताबर्डीवरून विधानभवनाकडे निघालेले मोर्चे आपण दरवर्षी बघतो, कठड्यांना अडलेली माणसं बघतो. मी मात्र आज आतल्या कागदाबद्दल बोलणार आहे. बावीस वर्षं मी आमदारांसाठी प्रश्न लिहून दिले. पक्ष बदलले, आमदार बदलले, पण एसटी आणि रस्त्यावरचे अपघात हे दोन विषय काही सुटले नाहीत.

विधिमंडळातल्या प्रश्नाची एक ठरलेली घडण असते. ‘हे खरे आहे काय की…’ अशी सुरुवात होते. मग ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, ‘त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरंही ठरलेलीच. ‘हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि सगळ्यात जीव घेणारं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

उमरेडकडच्या एका गावाचा प्रश्न मी लिहिला होता. संध्याकाळची बस येत नव्हती, पोरं-पोरी फाट्यावर ताटकळत उभी राहायची. मी लिहिलं, ‘…या गावाची सायंकाळची बस बंद करण्यात आली आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ खाली दोन, तीन आणि चार या तिन्ही भागांपुढे एकच ओळ, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मी चिडलो, आगाराच्या वेळापत्रकाची प्रत मिळवली. बस त्यात होती! कागदावर ती कधी बंद झालीच नव्हती. कधी चालक नाही, कधी गाडी नाही, म्हणून रोज ‘फेरी रद्द’ होत होती. गाव ‘बंद’ म्हणत होतं, खातं ‘रद्द’ म्हणत होतं, आणि त्या एका शब्दाच्या फटीतून अख्खं उत्तर निसटलं. ‘मागील सहा महिन्यांत ही फेरी किती दिवस रद्द झाली आणि कोणत्या कारणाने’ असं विचारलं असतं तर आकडा द्यावाच लागला असता.

त्याच हिवाळ्यात त्या गावातली तीन पोरं एका मोटारसायकलवरून परतत होती. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडी चालवणारा मुलगा गेला. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता, माझ्या चुलतबहिणीचा नातू. पंचनाम्यात वेग लिहिला, हेल्मेट नव्हतं हे लिहिलं, तिघे बसले होते हेही लिहिलं. संध्याकाळची बस आली नव्हती, हे त्यात कुठंच नाही. ते लिहायला पंचनाम्यात रकानाच नसतो.

म्हणून मी सांगतोय की एसटीच्या पैशाचा प्रश्न आणि अपघाताचा प्रश्न वेगळे नाहीत. केंद्राच्याच अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेल्याची नोंद आहे. त्यातली जवळजवळ पंचाहत्तर हजार दुचाकीवरची होती आणि बत्तीस हजारांहून जास्त पायी चालणारी. बसमधली त्या मानाने फारच थोडी. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागली, २५ जण गेले. तो दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही, विसरूही नये. पण दुचाकीवर एकेक करून जाणाऱ्यांसाठी सभागृहात लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, लागत नाही. गावातून बस काढून घेतली की माणूस घरी बसत नाही हो, तो दुचाकीवर बसतो, नाहीतर काळीपिवळीत दाराला लटकतो.

आता पैशाकडे येऊ. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला, हे सरकारनेच २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडलं. ऐकणाऱ्याला वाटतं, एसटी म्हणजे पांढरा हत्ती. पण ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट हे निर्णय कुणी घेतले? सरकारने. चांगले निर्णय आहेत, माझी आई त्याच पासावर वर्ध्याला जाते. मात्र न घेतलेल्या त्या तिकिटाचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. त्याला ‘प्रतिपूर्ती’ म्हणतात, ते काही अनुदान नव्हे. दुकानातून माल उचलला की बिल चुकवतो तसं हे बिल आहे. ‘एसटीला मदत देणार का’ असं विचारलं की मंत्री उदार होतात. ‘सवलतीच्या प्रतिपूर्तीची मागणी कोणत्या महिन्याची, रक्कम किती, दिली कोणत्या तारखेला’ असं विचारलं की तारीख सांगावी लागते. माझ्या अनुभवात तारखेइतकं सरकार दुसऱ्या कशालाच घाबरत नाही.

दिल्लीचंही तसंच. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न यादीत असतात, तोंडी उत्तराला त्यातले थोडेच पोचतात. बाकी दोनशे तीस अतारांकित, लेखी उत्तराचे. रस्ते वाहतूक खातं आपल्याच खासदारांकडे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गडकरींनी लोकसभेत मान्य केलं की अपघात कमी होण्याऐवजी वाढले, आणि परदेशातल्या परिषदांत हा विषय निघाला की आपण तोंड लपवतो. मंत्र्याने इतकं सरळ बोलावं, याचा मला आदर वाटला. त्यापुढचा उपप्रश्न मात्र आपणच तयार करून द्यायला हवा, आणि तो ब्लॅक स्पॉटवर हवा. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. तिथं पट्टे मारले, फलक लावला तरी ‘तात्पुरती उपाययोजना पूर्ण’ अशी नोंद होते. भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल झाला तर ती कायमस्वरूपी. दोन्हींचे आकडे वेगवेगळे मागितले नाहीत, तर रंगाच्या डब्यावर काम भागतं.

शहर बसचं काय, तर ‘आपली बस’ महापालिकेची. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. तेवढे दिवस मोरभवन बसस्थानकावरच्या बसबद्दल सर्वसाधारण सभेत विचारायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. यावर आणखी काय बोलू.

आता कागद फिरवतोय, पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या. आपल्या गावाचं किंवा थांब्याचं नाव, शेवटच्या बसची छापील वेळ, आणि गेल्या महिन्यात ती किती दिवस आली नाही, एवढंच लिहा. आठवत नसेल तर रकाना कोरा ठेवा, अंदाज नको. एक चुकीचा आकडा सापडला की ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय होते. खाली मसुदा मी लिहून ठेवलाय. ‘सोबतच्या यादीतील थांब्यांवरील सायंकाळच्या फेऱ्या मागील सहा महिन्यांत किती दिवस रद्द झाल्या, कोणत्या कारणाने, आणि त्याच मार्गांवर त्याच काळात सायंकाळी सहानंतर दुचाकीचे किती अपघात झाले?’ यादी तुमच्याकडून यायची आहे. पेन मागच्या टेबलावर ठेवलेत.