गिरणगावाच्या उशाशी एक बाग

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून थोडे चालत गेले, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच्या वाहनांच्या कोलाहलातच एक जुने प्रवेशद्वार लागते. त्यातून आत पाऊल टाकले की हवा बदलल्यासारखी वाटते, आवाज मागे राहतो आणि डोक्यावर जुन्या झाडांची सावली येते. या जागेचे आजचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. मुंबईकरांच्या चार-पाच पिढ्या मात्र तिला राणीची बाग म्हणत आल्या. नावातली राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. आता बाग जिजाऊंच्या नावाने ओळखली जाते, आणि तरीही लालबाग-परळच्या घरांतून मूल हट्ट धरते ते राणीच्या बागेत जायचेच. आज आपण या बागेचा इतिहास आणि तिथल्या प्राण्यांविषयी बोलणार आहोत.

ही बाग प्राण्यांसाठी नव्हे, तर झाडांसाठी तयार झाली, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी; कारण पुढच्या दीडशे वर्षांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे आहे. पश्चिम भारतात शेती आणि फळाफुलांची लागवड सुधारावी म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी घेतली गेली आणि वनस्पतींचा हा संसार भायखळ्याला आला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते नव्या उद्यानाचे उद्घाटन झाले. तो काळ मुंबईच्या भरभराटीचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्या पैशातून शहरात रस्ते, इमारती, दवाखाने आणि बागा उभ्या राहत होत्या. पुढे १८७३ मध्ये उद्यानाचा कारभार नगरपालिकेकडे आला. प्राणिसंग्रहालयाची भर मात्र १८९० च्या सुमारास पडली, म्हणजे झाडे आल्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी.

आवाराच्या दर्शनी भागात आज जे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या नगरवासीयांनी त्यासाठी खटपट केली होती. संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटावर धक्क्याजवळ तो पूर्वी होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळून फुटला, त्याचे तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडून हत्ती उभा करण्यात आला. त्याच्या अंगावरचे सांधे आजही नीट पाहिले तर दिसतात. फोर्टातला प्रसिद्ध काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये तिथून हलवला तोही याच बागेत. जित्या प्राण्यांकडे जाताना असा एक दगडाचा हत्ती आणि एक धातूचा घोडा वाटेत भेटतो, हे मला नेहमीच भायखळ्याचे खास वैशिष्ट्य वाटत आले आहे.

माझे लहानपण गिरणगावातल्या चाळीत गेले. वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही भावंडे पायीच राणीच्या बागेत जात असू. त्या काळी मुलांना हत्तीवर बसवून फेरी मारीत. लाकडी शिडीवरून वर चढायचे, पाठीवरच्या बैठकीत दाटीवाटीने बसायचे, आणि हत्तीने पहिले पाऊल टाकताच सगळी बैठक एका अंगाला कलली की शेजारच्याचा हात घट्ट धरायचा. माहूत त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत असे. मला त्या फेरीतले सगळ्यात स्पष्ट आठवते ते हत्तीचे कान: कडेला फाटके, गुलाबी ठिपक्यांचे, आणि पंख्यासारखे सतत हलणारे. हत्तीच्या कानांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि कान हलवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा आम्हाला तो वारा घालतो आहे असेच वाटले होते. गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या मुलाला जंगल पाहायला नेणे परवडत नव्हते. त्याने हत्ती, वाघ, मगर हे पहिल्यांदा इथेच पाहिले. या बागेचे मुंबईवर जे ऋण आहे, ते मी यातच मोजतो.

पण त्याच आठवणीत दुसरे चित्रही आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही. जुने पिंजरे लहान होते. गजांच्या आत सिमेंटची फरशी, कोपऱ्यात पाण्याचे टाके, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तेवढीच पावले मोजत सतत येरझारा घालणारा प्राणी. आम्ही मुले त्याला म्हणत असू, ‘बघ, कसा रागावला आहे!’ तो राग नव्हता. जागा आणि उद्योग दोन्ही नसलेला प्राणी असा एकच हालचालीचा फेरा पुन्हा पुन्हा करीत राहतो, आणि जाणकार ते त्याच्या त्रासाचे लक्षण मानतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला, त्याच कायद्याखाली १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्यानंतर देशातल्या प्राणिसंग्रहालयांना जागा, निवारा, आहार आणि औषधोपचार यांचे नियम लागू झाले. भायखळ्यातले जुने पिंजरे हळूहळू गेले. त्यांच्या जागी खंदक, जाड काचा, पाण्याची डबकी आणि लपायला झुडपे असलेली मोकळी आवारे आली.

आता पाणघोड्याकडे येऊ. राणीच्या बागेत पाणघोड्यांचा संसार चांगला रुजला आहे आणि इथे त्यांची पिल्लेही जन्मली आहेत. लोक बहुधा तिथे अर्धा मिनिट थांबतात, पाण्यात करडी पाठ दिसते, ‘झोपला आहे’ म्हणून पुढे जातात. कृपा करून थोडे थांबा. काही मिनिटांतच पाण्यावर आधी दोन कान येतात, झटकन फिरून पाणी उडवतात. मग डोळे, मग नाकपुड्या उघडतात आणि श्वासाचा फवारा सुटतो. कान, डोळे आणि नाक एकाच रेषेत डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे उरलेले सगळे धूड पाण्यात ठेवून त्याला ऐकता, पाहता आणि श्वास घेता येतो. बुडी मारताना नाकपुड्या आपोआप मिटतात. त्याच्या कातडीतून एक तांबूस चिकट द्रव पाझरतो. ते रक्त नव्हे, उन्हापासून कातडी सांभाळण्याची ती त्याची सोय आहे. आफ्रिकेत हा प्राणी दिवसभर पाण्यात राहून रात्री चरायला बाहेर पडतो, म्हणून दुपारी तो सुस्त दिसला तर त्यात त्याचा दोष नाही. पिल्लू पाण्याखाली दूधही पिते. आईच्या पाठीला घासून वर येणारे, एका हाताच्या अंतरावरून नाक वर काढणारे पिल्लू ज्याने पाहिले, तो ती जागा लवकर सोडत नाही.

वाघाची गोष्ट वेगळी आहे. बरीच वर्षे या बागेत वाघ नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथे आणली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या पोटी वीरा ही मादी जन्मली. काचेपलीकडून वाघ जवळून पाहायला मिळतो तेव्हा लोक त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. मी सुचवीन, तो पाठमोरा झाला की त्याच्या कानांकडे पाहा. काळ्या कानामागे एकेक पांढरा ठिपका असतो, आणि पिल्लांना दाट गवतातून आईच्या मागे चालताना तो उपयोगी पडत असावा असे मानले जाते.

पेंग्विनवरून मुंबईत पुष्कळ वाद झाला. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, त्यांतला एक ऑक्टोबरमध्ये दगावला, आणि या उष्ण, दमट शहरात हे पक्षी आणावेतच का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त होता. त्यातला एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, जिथे जमीन जवळजवळ वाळवंटी आहे आणि समुद्राचा प्रवाह तेवढा थंड आहे. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती त्यांची जी गुलाबी उघडी कातडी दिसते, ती अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठीच असते. तरीही मुंबईचा उन्हाळा त्यांना सोसणारा नाही, म्हणून काचेच्या दालनात हवा आणि पाणी थंड ठेवावे लागते. मार्च २०१७ मध्ये हे दालन लोकांसाठी उघडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये ठेवले, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. ज्या बागेत चाळीतले अख्खे बिऱ्हाड सहज जात असे, तिथे तिकिटाचा विचार करावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी इथे पेंग्विनचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. ते काही दिवसच जगले. पण २०२१ मध्ये आणखी दोन पिल्ले जन्मली आणि वाढली. या पक्ष्यांत नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात, सुमारे ४० दिवस हे चालते, आणि एक बाहेर गेला की दुसरा जागचा हलत नाही. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसे झडून नवी येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत अंगावर पाण्याला अडवणारे आवरण नसते, म्हणून ते पाण्यात उतरत नाहीत. आधी भरपूर खाऊन घेतात आणि मग कोपऱ्यात विस्कटलेल्या कापसाच्या गादीसारखे उभे राहतात. अशा वेळी एखादे मूल ‘तो आजारी आहे का?’ म्हणून विचारते. नाही, तो नवे कपडे घालतो आहे, असे त्याला सांगावे.

आणि झाडे. आवार सुमारे ५० एकरांचे आहे आणि त्यात देशोदेशीची झाडे आहेत: तोफगोळ्यांसारखी फळे थेट खोडावर धरणारा कैलासपती, लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लोंबवणारी उर्वशी, आफ्रिकेहून आलेली, पिंपासारख्या खोडाची गोरखचिंच. या शतकाच्या आरंभी बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना पुढे आली, तेव्हा जुन्या झाडांवर घाला येईल या भीतीने काही नागरिक एकत्र आले; त्यांनी एकेका झाडाची नोंद केली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. प्राण्यांना मोठी जागा हवी आणि झाडही तुटता कामा नये, ही ओढाताण अजून संपलेली नाही. १८६२ च्या बागेत १८९० चे पाहुणे राहायला आले, त्याचा हा परिणाम आहे.

बाग बुधवारी बंद असते, एवढे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि गेलात तर शेवटच्या पहाऱ्यापर्यंत थांबा. संध्याकाळी पहारेकरी शिट्ट्या वाजवत लोकांना दाराकडे वळवू लागतात, त्या वेळी वर पाहा. उंच झाडांच्या शेंड्यांना दिवसभर काळ्या पिशव्यांसारखी लोंबत राहिलेली मोठी वटवाघळे पंख ताणू लागतात. पावसाळ्यात गोरखचिंचेची पांढरी फुले रात्री उमलतात ती त्यांच्याच भरवशावर. त्यांना कोणी आणले नाही, त्यांच्यासाठी पिंजरा नाही, फलकही नाही. बाजूच्या फांद्यांवरून रातबगळे ‘क्वाक्’ असा एकच घोगरा स्वर काढत उठतात. मग एक वटवाघूळ सुटते, पाठोपाठ दहा, पाठोपाठ शंभर, आणि वाहनांनी भरलेल्या रस्त्यावरून, दिवे लागलेल्या घरांवरून ती अन्नाच्या शोधात निघून जातात. पहाटे ती त्याच फांद्यांवर परत येतात.

नमस्कार.