कुत्र्याला घेऊन महेश्वरच्या बाजारात

(दृश्य: जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा. ताडपत्री, भाजीचे वाटे, येणारीजाणारी पावलं.)

आठवडी हाटात दुकान जमिनीवर असतं. ताडपत्री अंथरली, त्यावर वांगी, मेथी, लसणाचे वाटे लावले आणि शेजारी तराजू ठेवला की दुकान तयार. मध्यम उंचीच्या कुत्र्याचं नाक बरोबर या मालाच्या वर येतं. नर असला तर त्याचा मागचा पायही तिथेच येतो. इंदूरच्या पक्क्या बाजारात माल ओट्यावर किंवा काउंटरवर असतो, त्यामुळे शहरात नीट चालणारा कुत्रा गावात गेल्यावर गोंधळ घालतो आणि घरच्यांना आश्चर्य वाटतं. त्यात कुत्र्याचा दोष नाही, त्याला ही मांडणी नवीन आहे.

म्हणून पहिली अट: कुत्र्यामागे माणसं दोन हवीत. एक खरेदी करणार आणि एक फक्त कुत्रा सांभाळणार. एका हातात लीश, दुसऱ्यात पिशवी, आणि पैसे द्यायला खाली वाकलं की लीश सैल पडते. हाटातले बहुतेक घोटाळे याच क्षणी होतात. एकटेच असाल तर त्या दिवशी कुत्र्याला घरी ठेवा.

(दृश्य: पहाट. एबी रोड, राऊच्या पुढे.)

इंदूर ते महेश्वर हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. नेहमीचा रस्ता राऊ, महू, मानपूर, धामनोद असा. दुसरा रस्ता महूहून जाम गेटवरून मंडलेश्वरला उतरतो. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा विंध्याच्या अगदी कड्यावर उभा आहे आणि तिथून खाली पसरलेला निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा मुलूख, दिसतो. कोणत्याही रस्त्यानं गेलात तरी घाट उतरावाच लागतो, आणि हवामानाचा सगळा हिशेब या घाटाशी बदलतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महेश्वर त्याहून जवळपास ४०० मीटर खाली. एवढ्या उतरणीनं हवा दोन-तीन अंशांनी तापते. शब-ए-मालवा म्हणून आपण ज्या गारव्याचं कौतुक करतो, तो मानपूरलाच मागे राहतो. सकाळी लोकमान्यनगरात स्वेटर घालून निघालेली मंडळी अकराला नर्मदेकाठी घामाघूम होतात. माणूस स्वेटर काढतो, कुत्र्याला ती सोय नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गादीतून. बाकी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. म्हणून ही सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीची. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही नीट टाकता येत नाही, त्यांना फेब्रुवारीतसुद्धा दुपारी नर्मदेच्या घाटावर नेऊ नये.

सहाला निघालात तर आठ-सव्वाआठला पोचता. निघण्याआधी चार तास पोटभर खाणं नको. नेहमीच्या खुराकाचा पाव हिस्सा पुरतो. भरल्या पोटी घाटातली वळणं लागली की लाळ गळू लागते, मग ओकारी होते. लाळेच्या तारा दिसायला लागल्या की काच चार बोटं खाली करा, गाडीचा वेग कमी करा आणि मोकळी जागा दिसली की थांबा. मागच्या सीटवर हार्नेसला सीटबेल्टची पट्टी अडकवावी. गळपट्ट्याला अडकवू नये, कारण अचानक ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर बसतो. घाटाआधी मानपूरच्या आसपास दहा मिनिटांचा मुक्काम करा. दोन घोट पाणी आणि शी-शू, एवढ्यासाठीच.

(दृश्य: गाडीची डिकी. सामान एकेक करून बाहेर.)

सोबत काय हवं? पंधरा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. चालणं आणि ऊन धरून दोन लिटर घ्या. पसरट वाटी. घरची जुनी सतरंजी, कारण ओळखीचा वास असलेल्या जागेवर कुत्रा लवकर बसतो. चार फुटांची रुंद, चपटी लीश. गुंडाळी होणारी लांब दोरीची लीश हाटात आणू नका. ती बारीक दोरी लोकांच्या घोट्यांत आणि सायकलच्या चाकात अडकते. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. लसीकरणाचं कार्ड, आणि त्यात रेबीजची लस वर्षाच्या आत दिल्याची नोंद. साबण, आयोडीनचं औषध, पट्टी, चिमटा. आणि शी उचलायच्या पिशव्या, मोजून सहा. स्वच्छतेत सतत पहिल्या येणाऱ्या शहराची माणसं दुसऱ्याच्या गावात घाण टाकून येत नाहीत.

वार आधी विचारून घ्या. निमाडात गावागणिक हाटाचा वार वेगळा असतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात याच पट्ट्यात भगोरियाचे, म्हणजे आदिवासींच्या सणाचे, हाट भरतात: मांदल, थाळी, पिपाण्या आणि पाय ठेवायला जागा नसते. भगोरिया जरूर बघावा, पण कुत्र्याला घेऊन नव्हे. त्याच्या कानांना तो आवाज सोसत नाही, आणि घाबरलेला कुत्रा हार्नेसमधून मागे सरकत निसटतो. हार्नेसमध्ये दोन बोटं जेमतेम जातील एवढाच तो घट्ट हवा. तीन गेली तर सैल आहे.

(दृश्य: हाट मांडला जातोय. बैलगाड्या, टेम्पो, डोक्यावर टोपल्या.)

आठ ते साडेनऊ ही वेळ उत्तम. विक्रेते माल लावत असतात, खेड्यांतली गर्दी अजून यायची असते. अकरानंतर दोन ताडपत्र्यांमधली वाट दीड-दोन फुटांवर येते, आणि मग कुत्र्यासह फिरायचा प्रश्नच उरत नाही.

शिरण्याआधी कुत्र्याला बाजाराबाहेर पंधरा मिनिटं फिरवून पूर्ण मोकळं करा. नर कुत्रा मात्र मोकळा झाल्यावरही जागोजाग खूण करायला पाय वर करतो, आणि त्याला उभी, वास असलेली वस्तू आवडते. मेथीची जुडी त्याला फारच सोयीची. पाय उचलण्याआधी तो एकाच जागी दोन-तीन सेकंद हुंगत थांबतो, मग अंग किंचित आडवं वळवतो. हुंगायला थांबला की लगेच पुढे चला. तरीही झालंच, तर त्या वाट्याचे पूर्ण पैसे लगेच द्या, घासाघीस करू नका. ज्या बाईनं पहाटे उठून भाजी काढून आणली, तिचा तेवढा माल गेलेला असतो.

चालताना कुत्रा भिंतीच्या किंवा मोकळ्या बाजूला ठेवा आणि गर्दीच्या बाजूला तुम्ही राहा. निमाड मिरचीचा मुलूख आहे. बेडियाची मिरची मंडी देशभर माहीत आहे, आणि इथल्या हाटात लाल मिरचीचे ढीग असतातच. माणसाला जिथे नुसता खोकला येतो, तिथे कुत्र्याची दशा होते, कारण तो नाक ढिगाजवळ नेतो आणि जोरात आत ओढतो. मग शिंका, डोळ्यांतून पाणी, पंजानं तोंड खाजवणं. साध्या पाण्यानं डोळे आणि नाक धुवा, खाजवू देऊ नका. मिरची-मसाल्याची रांग लांबूनच चुकवलेली बरी. मटण-मासळीचा कोपराही चुकवा, कारण गावातली सगळी कुत्री तिथेच असतात.

आता या गावच्या कुत्र्यांविषयी. प्रत्येक गल्लीची टोळी ठरलेली असते आणि हद्दही. भुंकत येणारी चार-पाच कुत्री बहुधा हद्द संपली की थांबतात, फक्त तिथवर शांतपणे जाता आलं पाहिजे. इथे मालक हमखास एक चूक करतो: घाबरून लीश ताणतो. लीश ताणली की आपल्या कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, आणि समोरच्याला तो अंगावर यायच्या बेतात आहे असं वाटतं. लीश आखूड धरा, पण सैल. दोघांच्या मध्ये स्वतःचं अंग घाला, तिरकं वळून चालत राहा, पळू नका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक कुत्री मागे सरतात; खरा दगड मारायची गरज पडत नाही, आणि मारूही नये. हिवाळ्यात ओटल्याखाली, लाकडांच्या ढिगाआड पिलं असतात. पिलांची आई इशारा न देता चावते, म्हणून अशा कोपऱ्यांत आपल्या कुत्र्याला नाक घालू देऊ नका. माजावर आलेली मादी तीन आठवडे तरी बाजारात नेऊ नये.

चावा बसलाच, माणसाला असो की कुत्र्याला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. मग माणसाला दवाखाना, त्याच दिवशी. कुत्र्याची लस चालू असली तरी त्यालाही डॉक्टरला दाखवून पुन्हा डोस लागतात. परतीच्या वाटेवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे लक्षात ठेवा.

(दृश्य: भुट्टे भाजले जातायत. जमिनीवर पडलेली कणसं.)

जमिनीवर पडलेलं खाणं हा यापेक्षाही मोठा धोका, कारण तो दिसत नाही. दाणे खाऊन फेकलेलं मक्याचं कणीस कुत्रा दोन घासांत गिळतो. ते पचत नाही, आतड्यात अडकतं. लक्षणं त्याच दिवशी येतीलच असं नाही. एक-दोन दिवसांनी उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं. एक्स-रेत कणीस नेहमी स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरला ‘बाजारात कणीस खाल्लं असावं’ हे स्वतःहून सांगावं लागतं. बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. शिजलेल्या कोंबडीची हाडंही तशीच वाईट, ती तुकडे होऊन टोचतात. पोह्यांतला, कचोरीतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो; किलोमागे १५ ग्रॅमपासून त्रास सुरू होतो. प्रेमानं पोहे भरवणाऱ्या दुकानदाराला हसून नाही म्हणा आणि स्वतःच्या पिशवीतली पोळी काढा.

मुलं धावत येतात. कुत्र्याला बसवा, मुलाला बाजूनं यायला सांगा, आणि डोक्यावर नको, छातीला हात लावू द्या. तीन सेकंद, मग हात मागे. कुत्र्यानं मान फिरवली किंवा ओठ चाटले तर पुढच्या मुलाला नाही म्हणायचं.

(दृश्य: घाटाच्या पायऱ्या, मागे किल्ल्याची भिंत, पलीकडे नर्मदा.)

होळकरांचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाच्या तसबिरीत घोड्याशेजारी कुत्रा असतोच. दत्ताच्या पायाशी चार. तरीही महेश्वरच्या देवळांत कुत्रा न्यायचा नाही; भाविकांच्या भावनेचा प्रश्न आहे आणि वादाचं कारण नाही. एक जण राजराजेश्वराच्या अखंड नंदादीपांचं दर्शन घेऊन येईपर्यंत दुसऱ्यानं बाहेर सावलीत थांबायचं, मग अदलाबदल. गाडीत कोंडून जायचं नाही, काच थोडी उघडी ठेवूनसुद्धा नाही. बाहेर २९-३० अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत चाळिशीला पोचते.

महेश्वर नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे घाट दक्षिणेकडे तोंड करून. हिवाळ्यातला कलता सूर्य दिवसभर त्याच पायऱ्यांवर असतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर पंजेही भाजणार. पाण्याजवळच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात, आणि वरच्या बाजूला ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी चढते. कुत्र्याला पोहायला सोडू नका. पंजे भिजतील इतकंच, तेही लीश हातात धरून.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, चाल डगमगली, तर फिरणं तिथेच संपवा. सावलीत न्या, पोट, काख आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, थोडं थोडं पाणी पाजा, आणि तसेच गाडीत घालून डॉक्टरकडे निघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की जीवाला धोका.

(दृश्य: संध्याकाळ, इंदूरचं घर. सतरंजीवर आडवा कुत्रा.)

परतल्यावर पंजे कोमट पाण्यानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मग गोचीड शोधा: कानांच्या आत, काखेत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली. चिमटा कातडीला अगदी टेकवून, न पिळता, सरळ ओढायचा. रॉकेल किंवा तेल लावायचं नाही, त्यानं गोचीड सुटायच्या आधी जखमेत लाळ सोडते आणि आजार तिथूनच शिरतो. हाटाची तारीख कार्डावर लिहून ठेवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर डॉक्टर पहिल्यांदा हीच तारीख विचारतील.